तिरपं गोठलेलं तेल

"सोमवारी साडेदहाला परीक्षा सुरू होते आणि दहा चाळीसला मशीन बंद पडते. दोन सोमवार झाले. तिसऱ्यांदा पडली की मी घरी!"

खुर्चीत बसायच्या आधीच त्या मुलीनं हे सांगून टाकलं. हातात डबा, खांद्याला बॅग, कपाळावर घाम. पिंगळीहून येणारी गाडी परभणीत लागून दहा मिनिटंही झाली नव्हती.

शिवरंजनी मिटकरीनं भुईमुगाच्या भाजक्या शेंगांची वाटी तिच्याकडे सरकवली. "आधी बस. मग नाव सांग. मग पहिल्यापासून."

स्टेशन रोडवर, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर बसून खासगी तपासाची कामं घेणारी बाई अख्ख्या परभणीत एकच. तिचा मदतनीस म्हणजे तिचा सख्खा मामा, चंद्रभान. एसटीतला निवृत्त कंडक्टर, एकतीस वर्षं परभणी-जिंतूर. मामांचं डोकं त्यांच्या गाडीसारखं होतं. सुटायचं उशिरा, थांबायचं प्रत्येक थांब्यावर, आणि पोचायचं तेव्हा बाकीचे घरी जाऊन जेवलेले असायचे.

मुलीचं नाव ज्ञानेश्वरी. सातमूठ बियाणे कंपनीत ती कम्प्युटरचं काम बघायची. कंपनीची माणसं गावोगाव पसरलेली, कुणी विक्रीवर, कुणी गोदामावर, कुणी दुकानात. त्यांचं सगळं ट्रेनिंग ऑनलाइन. नऊ कोर्स, आणि दर सोमवारी परीक्षा.

"नऊ कोर्सला नऊ सर्व्हर होते, ताई. म्हणजे नऊ मोठे कम्प्युटर. रात्रंदिवस चालू. नऊंना वीज, नऊंना गारवा. आणि काम किती? एकेकाच्या ताकदीचा दहावा हिस्सासुद्धा नाही! मी शेठना म्हटलं, एकच दणकट मशीन घेऊ आणि तिच्या आत नऊ खोल्या पाडू. विटांच्या नाही, सॉफ्टवेअरच्या. प्रत्येक कोर्सला वाटतं, आपल्याला अख्खी मशीन मिळाली."

मामांनी हात वर केला. "थांब, थांब. म्हंजे नऊ जीपा, येकेकीत दोनच पॅसिंजर. त्या बंद करून एक लालपरी?"

"अगदी तसंच, मामा! वीजबिल तिसऱ्या हिश्श्यावर आलं."

"पण लालपरी पंक्चर झाली तर समदेच रस्त्यावर की."

ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. "आमचे ट्रेनिंगचे ओमप्रकाशसर हेच म्हणतात."

"म्हणून तर डेपोत एक गाडी राखीव असती," मामांनी शेंग फोडली.

ज्ञानेश्वरी डब्याचं झाकण उगाच घट्ट करू लागली. शिवरंजनीनं एक टरफल टेबलाच्या कडेला ठेवलं. तिची ती सवयच होती. लक्षात ठेवायच्या गोष्टीला एक टरफल.

"मशीन का पडली, ते मशीन सांगत नाही?"

"नोंदीत एकच ओळ सापडते. 'अति तापल्यामुळे बंद.' कधीपासून तापत होती ते कळत नाही. खोलीचं तापमान टिपणारं उपकरण मी यादीत लिहिलं होतं. शेठनी खोडलं." "शेठ म्हणतात, नऊंचं ओझं एकीवर टाकलंस, तिला ताप येणारच. येत्या सोमवारी पडली तर जुन्या नऊ मशीन परत लावणार आणि मला काढणार. नाही पडली तर मी कायम."

"आणि तुझ्या घरी?"

"आई-बाबा दरवर्षी ऊसतोडीला जातात. मी कायम झाले तर यंदा जाणार नाहीत. पण मुकादमाला सोमवारी संध्याकाळी सांगायचंय, आमचा कोयता येणार का नाही." कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे परभणीत कुणाला सांगावं लागत नाही. "बाबांच्या पाठीला पट्टा आहे, ताई. यंदा ते उचलू नाही शकणार."

शिवरंजनी उठली आणि तिनं स्कूटीची किल्ली घेतली. "मामा, चला."

"शेंगा राह्यल्या ना!"

"खिशात घाला!"

* * *

सातमूठ कंपनीच्या केबिनमध्ये असा गारठा होता की मामांनी गळ्यातला रुमाल डोक्याला बांधला. श्रावणातला चिकट उकाडा दाराबाहेरच राहिला.

"शोधा की, खुशाल शोधा," शिवकांतशेठ म्हणाले. कपाळावर विभूती, बोटात तीन अंगठ्या, बोलणं मात्र गोड. "पोरगी हुशार हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मशीनच्या खोलीच्या किल्ल्या दोघांकडंच. एक हिच्याकडं, एक आमच्या लिंगराजआप्पाकडं. आप्पा इथं वीस वर्षं हाय. तो मशीनला देव मानतो. मग उरलं कोण?"

"मशीन पडल्यावर तुम्ही आत गेला होता?"

"दोन्ही वेळेला. समदेच पळालो. खोलीतला एसी मस्त चालू व्हता, गार वारा थेट तोंडावर. म्हंजे खोलीचा कसूरच न्हाई. ओझ्याचाच कसूर!"

शिवरंजनी मान वर करून भिंतीवरच्या एसीकडे बघत होती. त्याच्या पांढऱ्या अंगावर तीन आडव्या फिकट रेषा होत्या. राखेच्या.

"नवा घेतला?"

"हा? न्हाई हो. बिनकामी पडला व्हता, म्हटलं इथं लावा." शेठ हसले. "काटकसर, बाई, काटकसर!"

दुसरं टरफल. या वेळी खिशात.

ओमप्रकाशसर शेजारच्या खोलीत टाय सैल करून बसले होते. त्यांना विचारायचीही गरज पडली नाही.

"मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो! माझे नऊ कोर्स, माझ्या नऊ मशीन. एक पडली तरी आठ चालायच्या. आता? मागच्या सोमवारी तीनशे ऐंशी लोक परीक्षेला बसले होते. धाडकन सगळे बाहेर! सेलूहून, गंगाखेडहून फोनवर फोन. शिव्या मला!"

"म्हणजे ओझ्यानंच पडते?"

"दुसरं काय?"

"पहिल्या सोमवारी किती लोक होते?"

सरांनी वही उलटली. "चारशे बारा."

"आणि मशीन?"

"ती..." सर अडखळले. "त्या सोमवारी नव्हती पडली. नवी होती ना. नव्याचे नऊ दिवस."

"चारशे बारांना चालली आणि तीनशे ऐंशींना पडली," शिवरंजनी सहज म्हणाली. "तुम्ही कुठं होतात, दोन्ही वेळेला?"

"परीक्षेच्या हॉलमध्ये. चाळीस माणसं साक्षीला आहेत."

बाहेर आल्यावर मामा कुजबुजले, "रंजे, ह्योच. टाय घालून श्रावणात बसतो, माणूस सरळ न्हाई."

* * *

मशीनची खोली मागच्या अंगाला होती. लहानशी, वर पत्रा, खिडकी कायमची बंद आणि काचेवर काळा कागद. एका कडेला कपाटाएवढा लोखंडी सांगाडा आणि त्यात ती एकच मशीन, बारीक हिरवे दिवे लुकलुकवत. तिच्यावरही राखेच्या तीन रेषा होत्या. समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, एसी. त्याच्यावरही तीन रेषा. त्याच्या शेजारी भिंतीला चार रिकामी भोकं आणि एक तुटका पाइप.

लिंगराजआप्पा दारातच उभे होते. धोतर, टोपी, गळ्यात लिंग. आत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या चपलांकडे त्यांची करडी नजर.

"चपला भायेर. धूळ चालत न्हाई तिला."

"राखेच्या रेषा तुमच्या, आप्पा?"

"मग? राबती ती. राबणाऱ्याला विभूती लावावी. मशीन असो का एसी असो." त्यांनी कोनाड्यातून पुडा काढला. "घ्या, पेढा घ्या. नातू झाला मला. बारशाला जिंतूरला गेलो व्हतो की, तीन दिवस. नवी मशीन आली त्याच हप्त्यात. शनवारी गेलो न् मंगळवारी आलो."

मामांनी दोन घेतले. "गाव कोणतं, आप्पा?"

"बोरी."

"बोरी! माझ्या गाडीचा थांबा! शेती हाय?"

"हाय चार एकर. बैलजोडी हाय अजून. लय जपतो आमी. सोमवारी बैलाला जू न्हाई लावत आमच्यात. नंदीचा वार तो. बाप म्हणायचा, मुक्या जीवाला जो विसावा देत न्हाई त्याला महादेव बघून घेतो."

"आमच्या बसला कुणी विसावा न्हाई दिला कधी," मामा म्हणाले. "म्हणून तर खिळखिळ्या झाल्या."

शिवरंजनीनं विचारलं, "मशीन पडली तेव्हा एसी चालू होता, आप्पा?"

"व्हता की! मी सवता पाह्यलं, शेठनी पाह्यलं. गार वारं यायलतं."

मामांचं लक्ष तोवर खिडकीच्या कट्ट्याकडे गेलं होतं. तिथं खोबरेल तेलाची काचेची बाटली उभी होती, एसीच्या बरोब्बर खाली.

"आप्पा, थोडं तेल घेऊ का? टाळू तापली."

"घ्या की. पण गोठलंय. ह्या खोलीत कायम गोठलेलंच असतं, बाराही म्हैने. भायेर नेऊन हातात धरा जरा."

मामांनी बाटली उचलली आणि नाक मुरडलं. "ह्ये बघ, रंजे. तेलसुद्धा वाकडं गोठलंय! एका अंगाला गळ्यापर्यंत, दुसऱ्या अंगाला अर्ध्यावर. जसा घाटातला रस्ता."

"मी न्हाई ठिवली तशी," आप्पा म्हणाले. "सोमवारी मशीन पडली तवा समदे धाडधाड आत आले. कुणाचा तरी धक्का लागला, बाटली कलंडून खिडकीच्या गजाला टेकली. तशीच राह्यली. मंगळवारी मी सरळ केली."

शिवरंजनीनं ती बाटली घेतली, उजेडात धरली आणि इतका वेळ बघत राहिली की आप्पांना वाटलं बाईंना तेल विकत घ्यायचंय. मग तिनं ती हळूच, अगदी आरतीचं ताट ठेवावं तशी जागेवर ठेवली.

"मामा, तेल नका लावू. ही बाटली मला सोमवारी अशीच हवी."

"आं? मग माझ्या टाळूचं काय?"

"थंड पाणी मारा!"

* * *

शुक्रवारी त्यांनी धम्मानंदला गाठलं. बसस्टँडजवळ त्याचं कम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या नऊ मशीनची देखभाल तोच करायचा.

"तुझं काम गेलं म्हणून तू पाडतोस, असं आमचे मामा म्हणतात," शिवरंजनी म्हणाली.

"अय, मी कवा म्हटलं!" मामा दचकले.

"काल रात्री. जेवताना."

धम्मानंद खळखळून हसला. "ताई, त्या नऊ म्हाताऱ्यांनी माझा जीव खाल्ला होता. एकीचा पंखा, एकीची डिस्क, रोज काहीतरी. सुटलो बघा! आणि पाडायचं कशाला? नव्या दोन मशीन मीच तर विकल्या. माझंच नाव खराब होईल. सोमवारी मी जिंतूरच्या शाळांमध्ये असतो, दिवसभर. विचारा कुणालाही."

"दोन?"

"दोनच होत्या यादीत. ज्ञानेश्वरीनं शिस्तीत लिहिली होती यादी. एक गंमत सांगू? मी शाळा-कॉलेजांची कामं करतो, पण तिच्यासारखी यादी मोठ्या इंजिनिअरनंही दिली नव्हती."

परत कंपनीत आल्यावर शिवरंजनी गोदामाच्या ओसरीत थांबली. कालपासून मामांनी चहा प्यायला तिथली एक जागा पकडली होती.

"मामा, तुम्ही कशावर बसलात?"

मामांनी खाली पाहिलं. जाड पुठ्ठ्याचा मोठा खोका. पट्ट्या न कापलेला. "खोकं हाय. मजबूत हाय. का?"

"काही नाही. उठा, आणि पुन्हा बसू नका!"

ज्ञानेश्वरीला तिनं बाजूला घेतलं. "दुसऱ्या मशीनचं काल का नाही सांगितलंस?"

मुलगी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. "शेठ म्हणाले, नऊ एकीत बसतात तर दुसरी कशाला? महिनाभरानं परत करू. त्यांनी विश्वास ठेवून मला काम दिलं, ताई. त्यांचीच तक्रार बाहेर कशी सांगू?"

"दोन दिवसांत ती जोडता येईल?"

ज्ञानेश्वरीची मान झटकन वर आली. "एका दिवसात!"

शिवरंजनी केबिनमध्ये गेली. "शेठ, सोमवारपर्यंत गोदामाची किल्ली ज्ञानेश्वरीला द्या. आणि ओमप्रकाशसरांना सांगा, सोमवारी एका गटाची नको, सगळ्यांची परीक्षा एकदम घ्या. नऊच्या नऊ कोर्स."

"सगळ्यांची? आठशेच्या वर जातील! मशीन वितळंल की!"

"वितळली तर माझी फी घेणार नाही."

शेठना हे वाक्य फार आवडलं.

* * *

सोमवार. दहा सत्तावीस.

मशीनच्या खोलीत पाच माणसं भिंतीला लागून उभी होती: शेठ, ओमप्रकाशसर, धम्मानंद, लिंगराजआप्पा आणि चंद्रभानमामा. सगळ्यांच्या चपला बाहेर ओळीनं. सांगाड्यात आता दोन मशीन होत्या, एकीखाली एक. स्टुलावर ज्ञानेश्वरी, मांडीवर लॅपटॉप, ओठ घट्ट मिटलेले.

दहा तीस. पडद्यावर आकडा धावू लागला. दोनशे. पाचशे. आठशे एकसष्ट.

"आठशे एकसष्ट!" ओमप्रकाशसर पुटपुटले. "दहा मिनिटांत बघा."

"दहा मिनिटं पुष्कळ झाली," शिवरंजनी म्हणाली. "तेवढ्यात मी सगळं सांगते."

तिनं खिशातून टरफलं काढून कट्ट्यावर मांडली.

"सगळे म्हणतात, मशीन ओझ्यानं तापली. पण चारशे बारा माणसांना ती चालली आणि तीनशे ऐंशींना पडली. असं कुठलं ओझं, जे हलकं झाल्यावर जास्त लागतं? म्हणजे ओझं गुन्हेगार नाही. पहिल्या सोमवारी नसलेलं आणि पुढच्या दोन सोमवारी असलेलं काहीतरी दुसरंच आहे."

दहा बत्तीस. हिरवे दिवे लुकलुकत होते.

"आता ही बाटली." तिनं ती सगळ्यांसमोर धरली. "खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास वितळतं, हे शाळेतलं पोरही सांगेल. या खोलीत ते बाराही महिने गोठलेलं असतं. मागच्या सोमवारी तुम्ही धावत आत आलात, बाटली कलंडली आणि मंगळवारपर्यंत तिरपी राहिली. गोठलेलं तेल तिरपं होत नाही. बाटली तिरपी होईल, तेल आतल्या आत जागच्या जागी राहील. पण हे बघा!"

"घाटातला रस्ता!" मामा ओरडले. आणि मग त्यांची गाडी थांब्यावर लागली. "म्हंजे... तवा तेल पातळ व्हतं!"

"शाब्बास, मामा! तुम्ही आत आलात तेव्हा तेल पातळ होतं. मशीनजवळ नाही, खोलीच्या या टोकाला, एसीच्या खाली. म्हणजे तापली होती ती अख्खी खोली. मशीन बिचारी खोलीमुळं तापली."

"पण एसी चालू व्हता!" शेठ म्हणाले. "मी पाह्यलाय."

"तुम्ही पावणेअकराला पाहिलात. पावणेअकराला चालू असलेला एसी साडेआठलाही चालू होता, असं कुणी सांगितलं? तुम्ही सगळ्यांनी विचारलं, पडली तेव्हा चालू होता का? मीही तेच विचारलं, चुकलेच. त्याआधीचं कुणी विचारलंच नाही."

दहा छत्तीस. ज्ञानेश्वरीनं आकडा वाचला. "आठशे एकसष्ट. एकही बाहेर नाही."

शिवरंजनीचा आवाज मऊ झाला. "आप्पा, आज सकाळी साडेआठला तुम्ही काय केलंत?"

लिंगराजआप्पांना प्रश्नाचं नवलच वाटलं. "काय म्हंजे? एसीला विसावा दिला. सोमवार हाय ना. बंद केला, महादेवाच्या देवळात जाऊन आलो, साडेधाच्या सुमाराला परत चालू करायला आलो. आज तर माझ्या आधीच कुणीतरी चालू केला व्हता."

सगळ्यांच्या माना वर, एसीकडे वळल्या.

"मी केला," मामा छाती काढून म्हणाले. "तुमी कोपऱ्यावर वळले का लगेच, पोरीची किल्ली घेऊन. रंजीनं सांगितलं, म्हणून."

"मशीन बंद करायचा मला हुकूम न्हाई," आप्पा सांगू लागले. "पण एसी तर राबतोच ना, दिसरात? जोडी व्हती त्यांची. एका सोमवारी ह्याला विसावा, पुढच्या सोमवारी त्याला. आता ह्यो एकलाच उरला, म्हणून दर सोमवारी ह्यालाच. वीस वर्षं विसावा द्यायलोय. कवाच काही झालं न्हाई!"

"कारण एक विसावला तरी दुसरा ओढायचा. पण आता जोडी कुठं आहे?" शिवरंजनीनं भिंतीवरच्या चार भोकांकडे बोट दाखवलं. "जोडीतला दुसरा केबिनमध्ये आहे. राखेच्या तीन रेषांसकट. बिनकामी नव्हता तो, शेठ. राखीव होता. एकटा राहिलेला एसी दोन तास बंद, वर पत्रा, खिडकी बंद. खोली भट्टीसारखी. साडेदहाला आप्पा एसी लावतात, त्याच वेळी परीक्षेचा जोर येतो, आणि खोली गार व्हायच्या आत मशीन हात टेकते. तुम्ही येता तेव्हा गार वारा तोंडावर! पहिल्या सोमवारी मात्र आप्पा जिंतूरला बारशाला होते. विसावा नाही, म्हणून बिघाडही नाही."

आप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. ते ज्ञानेश्वरीकडे वळले. "पोरी... माझ्या हातून? तुझी नौकरी माझ्या हातून जायलती?" त्यांनी टोपी काढली. "महादेवा!"

"टोपी घाला, आप्पा," ज्ञानेश्वरी ताडकन उठली. "तुम्ही नाही, कुणीच मुद्दाम नाही केलं. मी तुम्हाला येऊन एकदा विचारायला पाहिजे होतं, सोमवारी काय-काय करता म्हणून. सगळ्या केबल तपासल्या, माणसाला नाही विचारलं."

"चूक आणखी एकाची आहे," शिवरंजनी म्हणाली. "हिच्या यादीत तीन गोष्टी होत्या. दुसरी मशीन, ती खोक्यात गेली. दुसरा एसी, तो केबिनमध्ये गेला. तापमान टिपणारं उपकरण, ते यादीतूनच गेलं. हिची काटकसर नऊवरून दोनवर येणारी होती, शेठ. दोनवरून एकवर तुम्ही आणलीत."

"डेपोतली राखीव गाडीच विकली की!" मामा म्हणाले.

शेठनी अंगठ्या फिरवल्या. मशीनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

दहा चाळीस.

दहा एक्केचाळीस.

दहा बेचाळीस. आकडा आठशे एकसष्ट. ओमप्रकाशसरांनी टायची गाठ पूर्ण सोडली आणि एक मोठा उसासा टाकला. तो सुटकेचा होता, हे सगळ्यांना कळलं.

पण ज्ञानेश्वरीचं अजून झालं नव्हतं. तिचे डोळे चमकत होते.

"आप्पा, तुम्हाला हिला विसावा द्यायचाय ना? आत्ता द्या."

"आत्ता? परीक्षा चालू हाय, बाळा!"

"म्हणूनच!" तिनं लॅपटॉपवर बोटं चालवली. पडद्यावर नऊ कोर्सचे नऊ हिरवे चौकोन एकेक करत वरच्या मशीनमधून खालच्या मशीनमध्ये उतरू लागले. बियाणे साठवण उतरलं. फवारणीची काळजी उतरली. सात, आठ, नऊ. आकडा जागचा हलला नाही.

"चालत्या गाडीतून चालत्या गाडीत?" मामांचा आ वासलेला. "आन् एकाचंही तिकीट हरवलं न्हाई?"

"एकालाही जाग आली नाही, मामा. आता वरची रिकामी आहे. दाबा, आप्पा, ते बटण."

आप्पांनी शेठकडे पाहिलं. शेठनी ओमप्रकाशसरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटले.

लिंगराजआप्पांनी धोतराला हात पुसले, मशीनला नमस्कार केला आणि बटण दाबलं. पंखे मंदावले. हिरवे दिवे विझले. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मशीन स्वतःच्या हातानं बंद केली होती, आणि तीही भर परीक्षेत.

"आठशे एकसष्ट," ज्ञानेश्वरीनं वाचलं.

धम्मानंदनं शिट्टीच मारली. मामांनी सवयीनं हवेतल्या हवेत दोरी ओढून दोनदा घंटा वाजवली, "टिंग-टिंग! चलो!" आणि ओमप्रकाशसर, हो, टायवाले ओमप्रकाशसर, टाळ्या वाजवत होते.

"दर सोमवारी एकीला विसावा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "एका सोमवारी ही, पुढच्या सोमवारी ती. मशीनलाही आणि एसीलाही. रिकाम्या वेळात मी त्यांची साफसफाई, अपडेट सगळं करीन. आप्पा, तुमची रीतच नियम म्हणून लिहून टाकते. खाली सही तुमची."

आप्पांनी कोनाड्यातली विभूती घेतली आणि नव्या मशीनवर तीन रेषा ओढल्या. मग चौथ्यांदा बोट बुडवून ज्ञानेश्वरीच्या कपाळावर टेकवलं.

शेठ खाकरले. "धम्मानंद, माझ्या केबिनमधला एसी आजच काढ. तीच भोकं हाईत, तिथंच बसव. आन् ते तापमानाचं उपकरण घेऊन ये." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "ओमप्रकाश, पोरीचं कायमचं पत्र टाइप करा. जेवणाच्या आधी. उकाडा मी सोसतो, मला सवय हाय."

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"आजपासून!"

साडेअकराला परीक्षा संपली. आठशे एकसष्ट बसले, आठशे एकसष्ट उठले. ज्ञानेश्वरी ओसरीत आली, त्या रिकाम्या खोक्यावर बसली आणि तिनं घरी फोन लावला.

"बाबा? मुकादम संध्याकाळी आला ना, तर त्याला सांगा..." तिचा आवाज जरा हलला, मग असा खणखणीत झाला की गोदामातल्या पोत्यांनीही ऐकलं असतं. "सांगा, यंदा आपला कोयता येणार न्हाई!"

आत, मामा खिडकीच्या कट्ट्यापाशी उभे होते. "रंजे, आता तरी घेऊ का तेल?"

शिवरंजनीनं उरलेली शेंग फोडून तोंडात टाकली. "घ्या, मामा. केस सुटली!"

"केस हाईतच कुठं मला," म्हणत मामांनी बाटली बाहेर नेऊन उन्हात धरली.